शेजारच्या रानातलं तेच पीक

दूरच्या देशाशी शेतमालाचा व्यापार करणं त्या मानाने सोपं असतं. ज्याच्याकडे कॉफी पिकत नाही तो कॉफी घेतो, ज्याच्याकडे गहू पिकत नाही तो गहू घेतो, आणि दोन्हीकडचे शेतकरी सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. शेजाऱ्याचं तसं नसतं. त्याची माती बरीचशी आपल्यासारखीच, पाऊस त्याच ढगांचा आणि कापणीही त्याच पंधरवड्यातली. आपल्याकडे बक्कळ पिकलं की त्याच्याकडेही बक्कळ असतं, आणि आपलं रान करपलं की बहुतेक वेळा त्याचंही करपलेलं असतं. म्हणजे माल खपवायची घाई दोघांना एकदमच होते आणि माल मिळवायची धावपळही दोघांची एकदमच सुरू होते. नकाशावर सगळ्यांत जवळ असलेल्यांनाच शेतीचं फाटक उघडणं सगळ्यांत जड का जातं, याचं निम्मं उत्तर मला इथे सापडतं.

उरलेलं निम्मं उत्तर भरवशाचं आहे. या विषयावर जमेल तसं वाचत आले, आणि करार कुठलाही असो, माझं लक्ष शेवटी दोन गोष्टींवर जाऊन थांबतं. शेतकऱ्याला सावरण्यासाठी जी मुदत देऊ केली होती ती खरोखर मिळाली का? आणि वाईट वर्ष आलं तेव्हा फाटक न सांगता बंद झालं का? आयात शुल्क किती टक्के उतरवलं याच्या बातम्या होतात. या दोन प्रश्नांच्या होत नाहीत. पण माणसं उभी राहतात किंवा मोडतात ती यांच्यावरच, असं माझं ठाम मत आहे.

मेक्सिकोच्या मक्याची हकीकत मी पुन्हा पुन्हा वाचते. १ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा मुक्त व्यापार करार, म्हणजे नाफ्टा, लागू झाला. त्याच दिवशी मेक्सिकोच्या दक्षिणेला चियापासमध्ये झापातिस्त म्हणवणाऱ्या आदिवासी बंडखोरांनी बंड पुकारलं. मका हे त्या देशाचं रोजचं अन्न आणि मक्याची मूळ भूमीही तीच. डोंगरउतारावर पावसाच्या भरवशावर दोन-तीन हेक्टर मका लावायचा, घरचं बियाणं राखायचं, वर्षाचं खाऊन उरलेलं विकायचं, अशी तिथल्या लाखो कुटुंबांची शेती. पलीकडे अमेरिकेतल्या आयोवात सपाट काळ्या जमिनीवर शेकडो हेक्टर, अवजड यंत्रं आणि पाठीशी सरकारी अनुदान. या दोघांना एका बाजारात आणून उभं करायचं होतं.

वाटाघाटी करणाऱ्यांना हा धोका दिसत नव्हता असं मुळीच नाही. दिसत होता, म्हणूनच मक्याला लांब मुदत दिली गेली. सुरुवातीला २५ लाख टन मका शुल्काविना येणार होता. त्यावरच्या मालावर २०० टक्क्यांहून जास्त शुल्क बसणार होतं आणि ते वर्षावर्षाने उतरत १ जानेवारी २००८ ला शून्यावर येणार होतं. चौदा वर्षं. एका पिढीला पीक बदलायला, पाणी आणायला, मुलांना दुसरा हुन्नर शिकवायला पुरेल इतका हा काळ आहे. कागदावर वाचलं तर करार समंजस वाटतो, आणि तो समंजस होताही.

पण मेक्सिकोच्या सरकारनेच शुल्कमाफीच्या कोट्यावरचा मकाही बहुतेक वर्षी शुल्क न लावता आत येऊ दिला. १९९४ च्या डिसेंबरात मेक्सिकोचं चलन पेसो कोसळलं होतं, महागाई भडकली होती. शहरातलं अन्न स्वस्त राहायला हवं होतं आणि कोंबड्या-डुकरं पाळणाऱ्यांना स्वस्त खाद्य हवं होतं. प्रत्येक वर्षी कारण खरं होतं. पण अशी खरी कारणं साठत गेली आणि चौदा वर्षांची मुदत रानापर्यंत पोचलीच नाही. जोडीला सरकारी खरेदी करणारी कोनासुपो ही संस्था १९९९ मध्ये गुंडाळली गेली. नुकसान भरून काढण्यासाठी प्रोकाम्पो नावाची योजना होती, तीत हेक्टरी रोख रक्कम मिळायची. हेक्टरी म्हटल्यावर ज्याचं रान मोठं त्याच्या हाती जास्त पैसा जाणार, हे उघड होतं.

इथे एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण या विषयावर बोलणारे ती सहसा गाळतात. मेक्सिकोचं स्वतःचं मक्याचं उत्पादन नाफ्टानंतर घटलं नाही, उलट वाढलं. वायव्येकडच्या सिनालोआ प्रांतातल्या ओलिताखालच्या मोठ्या शेतांनी ते वाढवलं. आयात होणारा मका मुख्यतः पिवळा, जनावरांच्या खाद्याचा. तिथली रोजची भाकरी, म्हणजे तोर्तिया, होते ती पांढऱ्या मक्याची. म्हणून करारामुळे मेक्सिकोतला मका संपला, हे म्हणणं मला पटत नाही. पण देशाचा आकडा वाढला म्हणून डोंगरातल्या माणसाचं भलं झालं, हे तर त्याहून पटत नाही. देशाची बेरीज आणि एका घराची बेरीज या दोन वेगळ्या वह्या आहेत. पहिली वही दाखवून दुसरी मिटवून टाकायची, ही सवय या चर्चेत सगळीकडे दिसते आणि तिचा मला मनापासून राग येतो. २००३ च्या सुमारास मेक्सिकोतले शेतकरी ‘आता रान आणखी सोसू शकत नाही’ म्हणत राजधानीच्या रस्त्यावर उतरले, ते या दुसऱ्या वहीचं बोलत होते.

त्याच करारात मेक्सिकोने कमावलंही भरपूर. टोमॅटो, बेरी, ॲव्होकाडो. ॲव्होकाडोची हकीकत तर विलक्षण आहे. बियांत शिरणाऱ्या किडीचं कारण देऊन अमेरिकेने १९१४ मध्ये मेक्सिकोच्या ॲव्होकाडोला बंदी केली. नाफ्टा आला, शुल्काची अडचण दूर झाली, तरी फळ सीमेवरच. १९९७ मध्ये ते आत आलं ते फक्त ईशान्येकडच्या १९ राज्यांत आणि तेही थंडीच्या महिन्यांतच. तिथे ॲव्होकाडोच्या बागा नाहीत आणि थंडीत कीड जगायची नाही, हा त्यामागचा हिशेब. सगळ्या ५० राज्यांत परवानगी मिळायला २००७ उजाडलं. ज्या दाराला शुल्काचं कुलूप उरलं नव्हतं त्या दाराला किडीचं कुलूप आणखी तेरा वर्षं होतं. आणि दार पूर्ण उघडल्यावरही ते किती नाजूक, हे २०२२ च्या फेब्रुवारीत दिसलं. मिचोआकान प्रांतात बागा तपासणाऱ्या एका अमेरिकी निरीक्षकाला धमकीचा फोन आला आणि आठवडाभर आख्खी आयात थांबली.

टोमॅटोचं दुखणं वेगळं. मेक्सिकोचा आणि फ्लोरिडाचा टोमॅटो दोन्ही हिवाळ्यात येतात. एकाच हंगामातलं एकच पीक, म्हणून फ्लोरिडातल्या बागायतदारांनी मेक्सिकोचे टोमॅटो कवडीमोल भावात ओतले जातात अशी तक्रार केली. १९९६ मध्ये तडजोड झाली की ठरलेल्या किमान भावाखाली विकायचं नाही. ती पुन्हा पुन्हा नव्याने करावी लागली आणि अखेर जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने ती मोडून १७.०९ टक्के शुल्क बसवलं. मुक्त व्यापाराला तीस वर्षं उलटून गेल्यावर.

किडीचं किंवा रोगाचं कारण पुढे आलं की ते ढोंग आहे, असं मानायचा मोह होतो. मलाही बराच काळ तसंच वाटे. पूर्व आफ्रिकेतल्या मक्याबद्दल वाचलं आणि इतक्या सरधोपटपणे बोलणं जमेनासं झालं.

केनिया, युगांडा आणि टांझानिया यांचा जकात संघ २००५ पासून आहे. मका इकडून तिकडे शुल्काविना जायला हवा, आणि जातोही. केनियाला त्याची गरज असते, कारण तिथलं पीक अनेक वर्षी पुरत नाही. तरी मार्च २०२१ मध्ये केनियाने दोन्ही शेजाऱ्यांचा मका एकाएकी बंद केला. कारण दिलं अफ्लाटॉक्सिनचं. बुरशीमुळे धान्यात तयार होणारं हे विष. काही दिवसांतच अटी घालून बंदी उठवली, पण तोवर सीमेवर लॉऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. शेजाऱ्यांनी आरडाओरडा केला आणि तो रास्तही होता.

पण याच केनियात २००४ मध्ये अफ्लाटॉक्सिन झालेला मका खाऊन १२५ माणसं मेली होती. तोही मका बहुतेक तिथल्याच खेड्यांत पिकलेला, घरात ओला साठवलेला. ज्या देशाने हे पाहिलंय त्याच्या अधिकाऱ्याला ‘तुम्ही विषाचा बाऊ करता’ असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

अडचण कुठे आहे ते एका लॉरीजवळ उभं राहून पाहिलं तर कळतं. या देशांनी मिळून ठरवलेल्या मानकात मक्यात ओलावा १३.५ टक्क्यांहून जास्त चालत नाही आणि एकूण अफ्लाटॉक्सिन किलोमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही. आता मका वाळवणार कसा? जमिनीवर पसरून, फार तर ताडपत्रीवर. कापणीच्या वेळी सरी कोसळल्या की दाणा वरून कोरडा दिसतो आणि आत ओल धरतो. त्यात हे विष साऱ्या मालात सारखं पसरत नाही. एका कणसात भयंकर असतं आणि शेजारच्या कणसात त्याचा मागमूस नसतो. पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढले, तर ती मूठ कुठल्या कणसाची निघेल सांगता येत नाही. युगांडाच्या प्रयोगशाळेत पास झालेली लॉरी केनियाच्या प्रयोगशाळेत नापास होऊ शकते, आणि दोन्ही तपासनीस प्रामाणिक असू शकतात. दोन्हीकडे नमुना किती पोत्यांतून काढायचा, किती दळून कसा मिसळायचा, हे एकसारखं होत नाही आणि एकाचा दाखला दुसरा मानत नाही, तोवर शुल्क शून्य असून भागत नाही. असा दाखला तयार व्हायचा तर दाणे वाळवायला यंत्रं लागतात, गावोगाव ओलावा मोजायची साधनं लागतात, नाक्यावर शिकलेली माणसं लागतात. करारावर सह्या होतात तेव्हा छायाचित्रं निघतात. या यंत्रांसाठी पैसा शोधायची वेळ येते तेव्हा दालन रिकामं असतं.

सगळ्यांत जास्त भरडल्या जातात त्या सीमेपलीकडे थोडाथोडा माल नेऊन विकणाऱ्या बाया. केनिया-युगांडा सीमेवरच्या बुसियासारख्या ठिकाणी हा व्यापार जुना आहे. छोट्या मालासाठी २,००० डॉलरपर्यंत सोप्या कागदपत्रांची सोय या देशांनी केली आहे, आणि ती चांगली सोय आहे. पण दोन पोत्यांसाठी विषाच्या तपासणीचा दाखला आणायचा तर दाखल्याचा खर्च नफा खाऊन टाकतो. मग पायवाट उरते. पायवाटेने गेलेल्या मक्याची तपासणी कोणीच करत नाही, म्हणजे ज्या खाणाऱ्याच्या जिवासाठी नियम केला त्याच्या ताटात तोच मका जातो. त्या बाईने नियम मोडला हे मला महत्त्वाचं वाटत नाही. तिला तो पाळता येईल असा कोणी केलाच नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणि मग पोलंड. २०२४ च्या फेब्रुवारीत पोलंडच्या शेतकऱ्यांनी युक्रेनहून आलेल्या मालगाडीचे डबे उघडून धान्य रुळांवर ओतलं. ती दृश्यं पाहून मला कितीतरी दिवस चैन पडलं नव्हतं. धान्य पिकवणाऱ्या माणसाने दुसऱ्याचं पिकलेलं धान्य मातीत घालावं! आणि तेही युद्धात होरपळणाऱ्या शेजाऱ्याचं, ज्याची लाखो माणसं पोलंडने दोनच वर्षांपूर्वी आपल्या घरात घेतली होती.

झालं होतं ते असं. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, काळ्या समुद्रातली बंदरं अडली, आणि जून २०२२ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनच्या मालावरचं शुल्क उठवलं. माणुसकीने पाहिलं तर त्या घडीला दुसरं काही करताच आलं नसतं. धान्य पोलंडमधून पुढे बंदरांकडे आणि तिथून जगभर जाईल, अशी कल्पना होती. पण युक्रेनचे रूळ १,५२० मिलिमीटर रुंदीचे आणि पोलंडचे १,४३५ चे. सीमेवर एकतर माल एका डब्यातून दुसऱ्यात भरायचा नाहीतर डब्याखालची चाकंच बदलायची. पुढे बंदरापर्यंत पुरेशा गाड्या नाहीत, बंदरावर पुरेशी गोदामं नाहीत. ज्याला माल पुढे नेणं परवडेना त्याने तो सीमेलगतच विकला. काही माल ‘औद्योगिक वापराचं धान्य’ म्हणून कमी तपासणीत आत आला आणि खाण्याच्या धान्यात मिसळला गेला. पूर्व पोलंडमधले भाव पडले. पोलंडचं सरासरी शेत ११ हेक्टरच्या आसपासचं. पलीकडे हजारो हेक्टरच्या कंपन्या. एप्रिल २०२३ मध्ये पोलंडच्या कृषिमंत्र्यांना पद सोडावं लागलं आणि पाठोपाठ पोलंड, हंगेरी, स्लोव्हाकियाने आयातबंदी केली. संघाने मग पाच देशांत गहू, मका, मोहरीच्या जातीचं रेपसीड आणि सूर्यफूल यांच्यावर तात्पुरते निर्बंध मान्य केले. ते सप्टेंबरात संपले, तरी या तिघांनी आपापली बंदी चालूच ठेवली.

यात खलनायक शोधायला गेले तर मला सापडत नाही. सुरुंग पेरलेल्या शेतात ट्रॅक्टर घालणारा युक्रेनी शेतकरी तर नाहीच, आणि वर्षभराचं पीक गोदामात पडून राहिलेला पोलंडचा शेतकरीही नाही. फार तर असं म्हणेन की फाटक एका रात्रीत उघडलं आणि त्यातून येणारा माल पुढे जाणार कसा, हे उघडल्यानंतर पाहिलं गेलं. मदत करायची ती साऱ्या युरोपने, आणि तिचा भार पडला सीमेलगतच्या चार-दोन जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांवर. त्यांना आधीच भरपाई देऊ केली असती, तर मला नाही वाटत ते रुळांवर गेले असते.

आतापर्यंत माल आत येण्याच्या वाटेबद्दल लिहिलं. माल बाहेर जाण्याच्या वाटेबद्दल फार कमी बोललं जातं, आणि शेजाऱ्यांमधला विश्वास तर तिथेच तुटतो. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत आयात शुल्कावर कमाल मर्यादा आहेत, पण अन्नाची टंचाई असेल तर निर्यात तात्पुरती रोखायला बऱ्यापैकी मोकळीक आहे. कृषी करारातलं बारावं कलम मुख्यतः एवढंच सांगतं की रोखणाऱ्याने घेणाऱ्या देशाच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि आधी कळवावं, जमेल तितक्या लवकर. जो विकसनशील देश तो माल विकतो त्याहून जास्त बाहेरून आणतो त्याला हेही बंधन नाही.

२३ मे २०२२ रोजी मलेशियाने जाहीर केलं की १ जूनपासून कोंबड्यांची निर्यात बंद. देशात तुटवडा होता, खाद्य महागलं होतं. पलीकडे सिंगापूर. त्याच्या कोंबडीच्या मांसापैकी सुमारे एक तृतीयांश मलेशियाहून यायचं, आणि तेही बहुतांश जिवंत कोंबड्यांच्या रूपात. रोज लॉऱ्या पूल ओलांडायच्या आणि पक्षी सिंगापुरात कापले जायचे. आठवडाभराच्या मुदतीत दोन्ही बाजूंचे धंदे ठप्प झाले. इकडे कत्तलखान्यातल्या कामगारांना काम नाही आणि तिकडे सिंगापूरसाठीच पक्षी वाढवणाऱ्या मलेशियाच्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक नाही. सिंगापूरने महिनाभरात इंडोनेशियाच्या कोंबडीला परवानगी दिली. मलेशियाने जिवंत कोंबड्यांची मुख्य निर्यात ऑक्टोबरात पुन्हा सुरू केली, पण शेजाऱ्याला तोवर दुसरा दरवाजा सापडला होता.

भारताने २९ सप्टेंबर २०१९ रोजी कांद्याची निर्यात थांबवली, त्यानंतर थोड्याच दिवसांत बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, असं त्या तिथल्या एका सभेत हसत म्हणाल्या, आणि पुढे त्यांनी जे मागितलं ते अगदी साधं होतं: बंदी करणार असाल तर आधी कळवत जा. बंदी करूच नका, असं त्यांनी म्हटलं नाही. आपलं घर आधी भागवण्याचा शेजाऱ्याचा हक्क त्यांनी मान्यच केला होता.

मला ही मागणी फार मोलाची वाटते. कारण आपल्या लोकांना उपाशी ठेवून करार पाळा, असं कुठल्याही सरकारला सांगणं व्यर्थ आहे. ते पाळणार नाही आणि पाळूही नये. पण किती दिवस आधी सांगायचं, किती महिन्यांत उठवायचं आणि वाटेतल्या मालाचं काय करायचं, एवढं तर दोन शेजाऱ्यांना चांगलं वर्ष असताना बसून ठरवता येतं. अशी कलमं आहेतही. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या देशांचा जो सीपीटीपीपी करार २०१८ च्या अखेरीस लागू झाला, त्यात अन्नधान्याची निर्यात रोखायची असेल तर सर्वसाधारणपणे ३० दिवस आधी कळवायचं आणि बंदी सहसा सहा महिन्यांत संपवायची, असं लिहिलंय. मलेशिया आणि सिंगापूर आता दोघेही त्यात आहेत. मलेशियासाठी तो लागू झाला नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे कोंबड्यांच्या बंदीनंतर.

त्या कलमात मला आणखी दोन वाक्यं हवी आहेत. बंदी जाहीर होण्याआधी ज्याचे पैसे पोचते झाले किंवा जो माल लॉरीत भरून निघाला, तो जाऊ द्यायचा. आणि बंदीच्या काळात देशात भाव पाडला गेला, तर शेतकऱ्याचा जो तोटा झाला तो बंदी करणाऱ्या सरकारने भरून द्यायचा. पहिलं वाक्य शेजाऱ्यासाठी आहे, दुसरं आपल्या रानातल्या माणसासाठी. पहिल्याला फारसा खर्च नाही. दुसऱ्याला आहे, आणि म्हणूनच बहुधा ते अजून कुठल्या करारात माझ्या वाचनात आलेलं नाही.